दादाचं ‘आला’

आमच्या गॅरेजमध्ये ‘आला’ हा शब्द फक्त दादाने म्हणायचा, असा न ठरवलेला नियम होता. काम झालेली गाडी दारापाशी सुरू करून उभी ठेवलेली असायची. बॉनेट बंद. मी स्टीअरिंगमागे तापमानाच्या काट्यावर नजर लावून बसलेली, आणि दादा गाडीच्या पुढ्यात पाच-सहा पावलांवर हात पाठीमागे बांधून उभा. दहा-बारा मिनिटं काहीच घडायचं नाही. गिऱ्हाईक कंटाळून घड्याळ बघायला लागायचं. मग इंजिन पुरेसं तापलं की रेडिएटरमागचा पंखा सुरू व्हायचा, आणि गिऱ्हाइकाला काही कळायच्या आत दादा म्हणायचा, “आला!” बॉनेट उघडून बघावं तर पंखा खरोखरच गरगरत असायचा. बंद बॉनेटमागचा पंखा रस्त्यावरच्या गोंगाटात नुसत्या कानाने ओळखणारा माणूस म्हणून लोक त्याला कानसेन म्हणायचे. लांबून लांबून गाड्या यायच्या त्या या एका शब्दासाठी.

हे मी दादाचं कौतुक करायला लिहायला बसले खरी, पण त्याच्याबद्दल लिहायला लागलं की माझीच मान खाली जाते. ते आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की हिने स्वतःचं झाकून ठेवलं. झाकायचं ते एकदा झाकलंय, तेवढं पुरे.

दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. आमचे बाबा ठोकाठोकीचं काम करायचे, म्हणजे चेपलेले पत्रे हातोडीने सरळ करायचे. दादा सोळाव्या वर्षी त्यांच्या शेजारी हातोडी घेऊन बसला. तो एकोणीस वर्षांचा असताना बाबा गेले. मी तेव्हा सहा वर्षांची. माझ्या शाळेत पालकांना बोलावलं की दादा यायचा, नखांत काळं ग्रीस तसंच. वर्गातल्या पोरी मला विचारायच्या, हे तुझे बाबा का, आणि मी म्हणायचे, छे, ओळखीचे आहेत. हेही सांगून टाकलं. लाज वाटण्यासारख्या गोष्टींत माझा हात धरणारं पहिल्यापासून कुणी नाही.

शिकून मी एका ऑफिसात लागले, चार महिन्यांत साहेबाशी भांडून परत आले. दुसऱ्या कुणाच्या घरच्यांनी काय काय ऐकवलं असतं! दादाने एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात टेस्ट लॅम्प, वायरीत वीज आहे का बघायचा दिवा, दिला आणि म्हणाला, “वायरिंग आजपासून तुझं.” त्याला आता अठरा वर्षं झाली. जुनी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून म्हणायची, “कानामागून आली आणि तिखट झाली.” दादा म्हणायचा, “छे हो, ही जन्मापासूनच तिखट आहे.”

ते काही खोटं नाही. माझं डोकं लवकर तापतं, आणि ते गार करायला पंखाही नाही. दादावर मी सगळ्यात जास्त तापायचे ते एका गोष्टीवरून. मी गाडीखालून हाक मारावी, दादा, तो पाना दे, आणि त्याने ढिम्म हलू नये. तीन-तीन हाका मारायच्या, शेवटी आपणच सरपटत बाहेर यायचं, तर हा शेजारीच उभा. गेली काही वर्षं हे फार वाढलं होतं. मला वाटायचं, मोठेपणाचा तोरा. ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, म्हणजे आपण मालक. एकदा तर मी त्याच्या तोंडावर म्हटलं, “पंख्याची कुजबुज ऐकू येते, बहिणीची बोंब ऐकू येत नाही!” तो नुसता हसला. मी दादा-वहिनींच्या वरच्याच मजल्यावर राहते, आणि त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या मला माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासताना ऐकू यायच्या. वहिनीला म्हटलं, “तुमच्यामुळे माझं टीव्ही घेण्याचं वाचलं.” तीही हसली आणि चहा टाकायला उठली. घरात दोन-दोन माणसं नुसती हसतायत म्हटल्यावर मला काही कळायला हवं होतं. पण कळायला आधी विचारावं लागतं, आणि मला विचारण्यापेक्षा ऐकवण्याची सवय.

पंख्याचं काम तसं सोपं असतं. गाडी पळत असली की समोरून येणारी हवाच रेडिएटर गार ठेवते. गाडी थांबली की मात्र पंख्याशिवाय तिला कुणी वाली नाही. म्हणून पंखा न चालणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर शहाण्या मुलासारखी वागते आणि वाहतूक तुंबली की उकळते. तपासायच्या रीती दोन. एक, एसीचं बटण दाबायचं, पंखा लगेच फिरला पाहिजे. हे माझं काम. दुसरी, एसी बंद करून इंजिन तापू द्यायचं, आणि काटा मधोमध आल्यावर पंखा आपल्या आपण येतो का ते बघायचं. दादा म्हणायचा, बटणाने फिरला म्हणजे तापल्यावर फिरेलच असं नाही, म्हणून दोन्ही करायचं. या दुसऱ्या तपासणीच्या शेवटी त्याचं ते ‘आला’.

बाईंची गाडी आली त्या दिवशी माझं सकाळपासूनच बिनसलं होतं. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. दादालाही त्यांनीच शिकवलेलं, मलाही. आता निवृत्त. नवरा आजारी, आठवड्यातून दोनदा उपचाराला न्यावं लागतं, आणि बाई पंच्याहत्तरीला आलेल्या असूनही गाडी स्वतः चालवतात. रेडिएटर गळत होता म्हणून काढून दुरुस्त करायचा होता. रेडिएटर काढायचा तर आधी पंखा काढावा लागतो, आणि पंखा काढायचा तर त्याच्या वायरीचा प्लग सोडावा लागतो. हा प्लग परत बसवताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबायचा असतो. आवाज आला नाही तर तो बसल्यासारखा दिसतो, पण बसलेला नसतो.

मी प्लग टेकवला आणि तेवढ्यात दादाला काहीतरी विचारलं. काय विचारलं तेही आता आठवत नाही. त्याने उत्तर दिलं नाही. परत विचारलं. तो पाठमोरा बोल्ट पुसत राहिला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पाना आपटला, प्लगावर परत हात फिरवलाच नाही, बॉनेट धाडकन लावलं. एसीचं बटण दाबून बघायचं तेही राहिलं. राहिलं कसलं, नाही बघितलं. मनात म्हटलं, कानसेन आहेत ना उभे, बघतील तेच.

गाडी सुरू केली, मी आत बसले, दादा पुढ्यात उभा राहिला. बाई खुर्चीवर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या. शेजारच्या रंगवाल्याचा कॉम्प्रेसर घरघरत होता. काटा चढत होता, पण माझं लक्ष काट्यावर नव्हतं, मांडीवरच्या फोनवर होतं. मैत्रिणीने तिच्या सासूबद्दल एक भन्नाट गोष्ट पाठवली होती. ती वाचून माझ्या भुवया चढल्या, आणि त्याच क्षणी दादा म्हणाला, “आला!”

बॉनेट न उघडताच मी इंजिन बंद केलं. पंखा मला ऐकू आला नव्हता. पण दादाने आला म्हटलं म्हणजे आला, त्यावर आपण कोण बोलणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. उपचार करून परतताना रस्त्यात कसलंसं खोदकाम होतं, गाड्या खोळंबल्या होत्या. बाईंचं लक्ष समोर, काटा कधी टोकाला गेला कळलंच नाही. बॉनेटमधून वाफ, आणि इंजिन बंद. दादा तसाच धावला. त्याने नंतर सांगितलं, बाईंचे यजमान रस्त्याकडेला एका उलट्या बादलीवर बसले होते, डोक्यावर कुणाची तरी छत्री, आणि बाई वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत होत्या. दादाने त्यांना टॅक्सीत बसवून घरी पोचवलं आणि गाडी ओढून आणली.

गाडी दारात आली. दादा कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेला. मी बॉनेट उघडलं. प्लग सुटून लोंबत होता.

मी इकडेतिकडे बघितलं. कुणी बघत नव्हतं. एका बोटाने दाबला. टक. एवढा स्वच्छ आवाज झाला की मी चमकून नळाकडे बघितलं. दादा सहा फुटांवर होता. त्याने मान वळवली नाही.

मग तो आला, हात पुसत म्हणाला, “वायरी बघितल्यास?”

“बघितल्या,” मी म्हटलं.

“ठीक आहेत?”

“ठीक आहेत.”

त्याने पाणी घातलं, इंजिन मिनिटभर सुरू करायला लावलं, एसीचं बटण दाबायला सांगितलं. पंखा फिरला. आता फिरणारच. त्याने वाकून तो डोळ्यांनी बघितला आणि तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, “बटणाने फिरतोय. म्हणजे तापल्यावर येत नसणार. म्हणजे त्या दिवशीही आला नव्हता.” तो सरळ झाला. “आणि मी आला म्हणालो.”

बोलायची वेळ तीच होती. मी टेस्ट लॅम्पची वायर गुंडाळत बसले. ती अगोदरच गुंडाळलेली होती.

इंजिनाच्या हेडखालचं, म्हणजे वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट जळलं होतं, हेडही वाकलं होतं. ते उतरवून लेथवाल्याकडे नेणं, घासून आणणं, परत बसवणं, आठ दिवसांचं काम. दादाने ते सगळं एकट्याने केलं, मला नटालाही हात लावू दिला नाही. इंजिन तापलं की पंखा सुरू करणारा सेन्सर चांगला असून काढून नवा घातला. मी बघत होते. मला माहीत होतं की जुना सेन्सर चांगला आहे. बाईंच्या घरी जाऊन, उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहून, तो म्हणाला होता, “बाई, चूक माझी. माझ्या कानाने दगा दिला.” हे मला वहिनीने सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, आधी आत ये आणि बस. तो बसला नाही.

त्या आठ दिवसांत त्याने ‘आला’ म्हणणं सोडलं. दुसरी गाडी तयार झाली की मागच्या खोलीत जाऊन कानस घेऊन बसायचा आणि म्हणायचा, “तूच बघ.” गिऱ्हाइकं विचारायची, कानसेन कुठे? मी म्हणायचे, कामात आहेत. शेवटी शुक्रवारी त्याने सांगितलं, सुट्या भागांच्या गोदामात माल लावायला माणूस हवा आहे, सोमवारपासून तो जाणार. “गॅरेज तू सांभाळशील,” तो म्हणाला. “ज्याच्या शब्दावर माणसं रस्त्यावर येतात, त्याने गाडीला हात लावू नये.”

त्या रात्री खालून टीव्हीचा आवाज आला नाही. वहिनी वर आली, म्हणाली, “ताई, तुम्ही काही बोललात का ह्यांना? जेवत नाहीयेत नीट.”

मी म्हटलं, “मी काही बोलले नाही.” आयुष्यात इतकं खरं आणि इतकं नालायक वाक्य मी दुसरं बोलले नसेन.

शनिवारी बाई गाडी न्यायला आल्या. दादा मागच्या खोलीकडे वळला तशी त्यांनी वर्गातल्या आवाजात हाक मारली, “कुठे चाललास? पुढे उभा राहा. तू आला म्हटल्याशिवाय मी गाडी नेणार नाही.”

“नको बाई,” दादा म्हणाला.

“उभा राहा म्हटलं ना?”

तो उभा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, हात पाठीमागे न बांधता पुढे धरलेले, गणित चुकलेल्या मुलासारखा. मी आत बसून गाडी सुरू केली. काटा हलायला लागला. मी मान वर केली तर दादा माझ्याकडे बघत होता. थेट माझ्या तोंडाकडे. मला ते सहन होईना. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

“बाई,” मी म्हटलं, “पंख्याचा प्लग मी नीट बसवला नव्हता.” अगदी पुटपुटत. नजर पायाखालच्या तेलाच्या डागावर. “गाडी ओढून आणली तेव्हा तो सुटलेला होता. मी गुपचूप बसवला. दादाला सांगितलं नाही.”

दादा एक पाऊल पुढे आला. “काय म्हणतेस?”

मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय, मला शिक्षा म्हणून. मी परत सांगितलं, तेवढ्याच आवाजात.

“काय?” त्याने मान तिरकी केली, डावा कान माझ्याकडे. “वर बघून बोल ना. कळत नाही मला.”

वर बघून बोल. इतक्या वर्षांतल्या सगळ्या हाका, सगळे आपटलेले पाने, ती पंख्याची कुजबुज आणि बहिणीची बोंब, सगळं एकदम माझ्यावर चालून आलं. मी मान वर केली आणि ओरडले, “प्लग मी बसवला नव्हता! चूक माझी होती! मी लपवलं!” नेमका तेव्हाच शेजारचा कॉम्प्रेसर बंद पडला. रंगवाला ब्रश हातात धरून दाराबाहेर आला. समोरचा टायरवालाही उठून बघायला लागला. लाज कुजबुजत सांगून भागलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ज्याला सांगायची त्याला ती ऐकूच येत नव्हती.

दादाला या वेळी कळलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला चाललं असतं. तो म्हणाला, “मग तू भुवया का उंचावल्यास?”

“कधी?”

“त्या दिवशी. गाडीत बसून. पंखा आला की तुझ्या भुवया वर जातात. तुला माहीत नाही, पण जातात. मी ते बघून आला म्हणतो.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “चार-पाच वर्षं झाली. उजवा कान पूर्ण गेलाय, डावाही जवळजवळ तसाच. लहानपणापासून ती ठोकाठोक. लोक कानसेन म्हणत यायचे, सांगायचं कुणाला? म्हटलं, तुझे कान आहेत ना. तुझे ते माझे.”

मी त्याच्या कानांवर विसंबून फोनवरची सासू वाचत बसले होते, आणि तो माझ्या कानांवर विसंबून उभा होता. त्या गाडीचा पंखा त्या दिवशी कुणीच ऐकत नव्हतं.

“फोनवर काहीतरी वाचत होते,” मी म्हटलं. तेही मोठ्याने सांगावं लागलं.

बाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. वर्गात दोन्ही बाकांवर एकच चुकलेलं उत्तर सापडलं की त्या असंच बघायच्या. “दोघांनी एकमेकांची कॉपी केली म्हणायची,” त्या म्हणाल्या. मग पर्समधून वही काढून त्यांनी एक पान फाडलं. “पंखा हवा कुठून ओढतो?”

“पुढून,” दादा म्हणाला. बाईंसमोर उभं राहिलं की उत्तर आपोआप निघतं.

“मग रेडिएटरसमोर कागद धर. पंखा फिरला तर चिकटेल. यात कान कशाला लागतो?”

बॉनेट उघडलं. मी परत आत जाऊन बसले, फोन बाहेर ठेवून. काटा मधोमध आला, पंखा आला, आणि वहीचं पान दादाच्या बोटांतून सुटून जाळीला चिकटून बसलं. दादाने ते बघितलं. पण शब्द काढला नाही. ‘आला’ बाईंनीच म्हटलं आणि गाडी घेऊन गेल्या.

सोमवारी तो गोदामात गेला नाही. वहिनी त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आता डाव्या कानात यंत्र असतं. ग्राइंडर लावला की दादा ते काढून खिशात टाकतो, आणि मी हाक न मारता समोर जाऊन उभी राहते. मला कुणी काही म्हटलं नाही, दादाने नाही, वहिनीने तर नाहीच. रंगवाला मात्र मला बघितलं की अजून आपला कॉम्प्रेसर बंद करतो, म्हणतो, “बोला ताई, ऐकतोय.” म्हणू दे.

तपासणी अजून दोघंच करतो. बॉनेट उघडं, दादा पुढ्यात, हातात कागद. मी आत. पंखा सुरू झाला की मी काच खाली करून मोठ्याने म्हणते, “आला!” दादा माझ्या तोंडाकडे बघत नाही. तो कागद जाळीवरून काढतो, परत लावतो, परत चिकटू देतो, आणि मगच मान हलवतो. माझ्यासारख्या तापट बाईला याचा राग यायला हवा. येत नाही.